कंसातला शब्द

सिनेमात दत्तक मूल आलं की पाठोपाठ एक गुपित येतं. घरातल्या मोठ्यांना ते ठाऊक असतं, प्रेक्षकांना कळलेलं असतं, फक्त त्या मुलाला पत्ता नसतो. मध्यंतराच्या आसपास कुणीतरी रागाच्या भरात बोलून जातं, पार्श्वसंगीत थांबतं आणि पुढचा अख्खा सिनेमा त्या एका वाक्यामागे धावतो.

मी दत्तक आहे, त्यामुळे असे सिनेमे मी जरा जास्तच पाहिलेत. पण आमच्या घरात तो सीन कधी झालाच नाही. मला आठवतंय तेव्हापासून मला हे माहीत आहे. लहानपणी झोपवताना आई जी गोष्ट सांगायची तिच्यात राजाराणी नव्हते, एसटी होती. साताऱ्याहून पुण्याला जाताना दोघं, येताना तिघं. खंबाटकी घाट लागेपर्यंत मी रडत होते आणि घाट संपेपर्यंत झोपले होते, इतकीच गोष्ट. तेव्हा मी ११ महिन्यांची होते. आता २८ वर्षांची आहे, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि महिन्यातून एकदा उलट्या दिशेने तोच घाट चढते.

गुपित नसलं की गोष्टच उरत नाही असं पटकथाकारांना वाटत असावं. माझ्या अनुभवात गोष्ट उरते. फक्त ती फार संथ असते आणि तिच्यात फॉर्म भरावे लागतात. दवाखान्यात नवीन डॉक्टर विचारतात, घरात कुणाला डायबेटिस, कुणाला बीपी? मी 'माहीत नाही' म्हणते आणि डॉक्टर वर बघतात. असाच एक फॉर्म गेल्या वर्षी आमच्याकडे आला. तो कुलवृत्तांताचा होता. त्याच्याविषयीच लिहायचंय, पण आधी थोडं सिनेमांबद्दल, कारण त्या फॉर्ममध्ये जे अडलं ते मी पडद्यावर कितीतरी वेळा पाहिलेलं होतं.

'अमर अकबर अँथनी' (१९७७) सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. तीन भाऊ लहानपणी हरवतात. एकाला पोलीस अधिकारी वाढवतो, एकाला शिंपी, एकाला पाद्री. मग सुरुवातीच्या श्रेयनामावलीत ते तिघं ओळीने पलंगांवर झोपतात आणि त्यांचं रक्त नळ्यांमधून थेट आईच्या अंगात जातं. माझ्या डॉक्टर मैत्रिणी हा सीन बघून हसून लोळतात. मला तो वेगळ्या कारणासाठी आवडतो. 'रक्ताचं नातं' या शब्दाचा इतका सरळ, प्लंबिंगसकट अर्थ दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही. पण ज्या तिघांनी ही पोरं मोठी केली, त्यांना शेवटच्या आनंदात फारशी जागा नाही.

'कभी खुशी कभी गम' (२००१) मध्ये राहुलला आपण दत्तक आहोत हे लहानपणापासून ठाऊक असतं. तिथे गुपित नाही, तरी शब्द हत्यार म्हणून तयार ठेवलेला असतो. मुलाने मनाविरुद्ध लग्न केल्यावर वडील त्याला सुनावतात की, तू माझं रक्त नाहीस हे आज दाखवून दिलंस. इतक्या वर्षांचं बापपण एका वाक्यात रद्द होतं. मुलगा चांगला वागतो तोपर्यंत तो मुलगा, चुकला की दत्तक.

'नाळ' (२०१८) आपल्या जास्त जवळचा. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या या सिनेमात विदर्भातल्या खेड्यातल्या लहानग्या चैत्याला कळतं की, आपल्याला वाढवणारी आई ही जन्म देणारी आई नाही. त्यानंतर काही घडत नाही आणि सगळंच घडतं. आईने रागावणं, जेवायला वाढणं, दुर्लक्ष करणं, या रोजच्याच गोष्टी त्याला आता वेगळ्या दिसायला लागतात. आई तीच असते. बदललेलं असतं ते चैत्याच्या डोक्यातलं दोघांमधलं नातं. श्रीनिवास पोकळे या मुलाने हे सगळं नुसत्या बघण्यातून केलंय. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

मणिरत्नमच्या 'कन्नथिल मुथामिट्टाल' (२००२) मधल्या अमुदाला तिच्या नवव्या वाढदिवशी सांगितलं जातं, आणि मग ते कुटुंब तिच्या आईला शोधायला यादवी चालू असलेल्या श्रीलंकेत जातं. लोकांना आई-मुलीची भेट आठवते. मला आठवते त्याआधीची गोष्ट. रामेश्वरमच्या निर्वासित छावणीत टाकून दिलेलं बाळ बघून एका अविवाहित लेखकाला ते दत्तक घ्यायचं असतं, पण एकट्याला मूल मिळणार नाही म्हणून तो लग्न करतो. म्हणजे आधी मुलगी ठरली, मग आई-बाबा. आणि 'लायन' (२०१६) मध्ये खांडव्याचा पाच वर्षांचा मुलगा चुकून रेल्वेने हावड्याला पोचतो, तिथून ऑस्ट्रेलियात दत्तक जातो आणि मोठेपणी गाडीचा वेग व प्रवासाचे तास यांचा गुणाकार करून उपग्रहाच्या नकाशावर गाव शोधतो. ही खरी गोष्ट आहे. त्यात निकोल किडमन त्याला सांगते की, आम्हाला स्वतःची मुलं होऊ शकत होती, तरी आम्ही तुम्हाला निवडलं. हे दोन सिनेमे दत्तक घेणाऱ्यांकडे बघतात. बाकीचे बहुतेक मुलाकडे बोट दाखवतात.

शाळेतही असंच होतं. साताऱ्याच्या शाळेत आठवीचं इतिहासाचं पुस्तक म्हणजे काय, ते सातारकरांना विचारा. १८४८ साली सातारच्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेल्या मुलाला डलहौसीने वारस मानलं नाही आणि राज्य खालसा केलं. 'दत्तक वारस नामंजूर.' सरांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गातल्या दोन-तीन मुली वळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पुस्तकातला शब्द ओळखीचा निघाला, एवढंच.

तर कुलवृत्तांत. आमच्या घराण्याचा पहिला कुलवृत्तांत १९३८ साली छापला होता. पिवळी पानं, शेवटी दुमडलेला वंशवृक्ष, उघडला की जाजमासारखा पसरतो. आता नवी आवृत्ती निघणार आहे आणि आमच्या शाखेची माहिती गोळा करायचं काम बाबांकडे आलंय. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय ६७. तक्ते आखण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे खूश. समितीने पाठवलेल्या फॉर्मच्या तळाशी सूचना होत्या. त्यातली सहावी अशी: मूल दत्तक असल्यास नावापुढे कंसात (दत्तक) असे लिहावे.

बाबांचा कॉम्प्युटर जुना आहे. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा सपोर्ट संपला, नवं मशीन घ्यायचं बाबांच्या मनात नव्हतं, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं. 'फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार,' हे त्यांचं पहिलं मत. आता ते लिबरऑफिस रायटरमध्ये इन्स्क्रिप्टने मराठी टाइप करतात, त्यातला मजकूर मुक्ता या फाँटात लावतात आणि हा फाँट मुंबईच्या 'एक टाइप'वाल्यांनी केलाय, तोही मुक्त परवान्याने, हे आलेल्यागेलेल्याला सांगतात. चुलतकाकांकडून आलेल्या फायली मात्र युनिकोडच्या आधीच्या कुठल्यातरी फाँटात टाइप केलेल्या होत्या. उघडल्या की नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे तुकडे दिसायचे. दोन शनिवार-रविवार खर्च करून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि आमच्या शाखेतली २१४ माणसं वाचता येण्याजोगी झाली.

एवढी माणसं रायटरमध्ये सांभाळणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून मी ग्रँप्स टाकून दिलं. वंशावळ ठेवण्यासाठीचं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००१ पासून चालू आहे आणि मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून दोन क्लिकमध्ये येतं. दिसायला अगदी सरकारी. पण त्याच्या आतली मांडणी बघून मी, खरं सांगते, खुर्चीत सरळ बसले.

ग्रँप्समध्ये माणसाची एक नोंद असते आणि कुटुंबाची वेगळी. माणसाच्या नोंदीत नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय वगैरे. त्यात 'दत्तक' असा रकानाच नाही. कुटुंबाच्या नोंदीत मूल जोडताना मात्र विचारलं जातं की, या मुलाचं या आईशी नातं कोणतं आणि या वडिलांशी कोणतं. दोन्ही वेगवेगळं विचारतात. पर्याय येतात: बर्थ, अडॉप्टेड, स्टेपचाइल्ड, फॉस्टर, अननोन असे. आणि एकाच माणसाला एकाहून जास्त आई-वडिलांच्या जोड्या लावता येतात. म्हणजे 'दत्तक' हा शब्द माणसाला चिकटत नाही, तो दोन माणसांना जोडणाऱ्या रेघेवर बसतो.

डेटाबेस शिकलेल्या कुणालाही हे साधं वाटेल. पण मला जे आठवीपासून नीट सांगता येत नव्हतं ते इथे कुणीतरी तक्त्यात मांडून ठेवलं होतं. कंसातला शब्द चुकीचा नव्हता. चुकीच्या जागी होता.

बाबांना याचा पुरावा दोन दिवसांतच मिळाला. बाबांचे पणजोबा, ज्यांच्यापासून आमची शाखा मोजतात, ते १९३८ च्या पुस्तकाप्रमाणे वाईच्या शाखेतून दत्तक आलेले. ग्रँप्समध्ये त्यांना दोन जोड्या आई-वडील लावावे लागले. रात्री बाबांचा फोन. 'अगं, आपण सगळेच त्या एका अडॉप्टेड रेघेवर लटकलोय!' समितीचे अध्यक्ष असलेले काकासुद्धा त्याच रेघेवर. पणजोबांच्या नावापुढे मात्र नव्या मसुद्यात कंस नव्हता. खाली माहितीत एक वाक्य होतं, 'हे वाई शाखेतून दत्तक आले.' ते वारस होते, मुलगे होते, त्यांचे मूळ आई-बाप माहितीतले होते. माझ्यासाठी कंस होता.

पुढच्या वेळी साताऱ्याला गेले तेव्हा मी विचारलं, 'बाबा, माझ्या नोंदीत काय घातलंय?'

'काय घालायचंय? तू माझी मुलगी. संपलं.'

मी बघितलं. आईशी नातं बर्थ, वडिलांशी नातं बर्थ. ग्रँप्स आपणहून तेच घालतं, आपण बदललं तर बदलतं. बाबांनी बदललं नव्हतं.

या जागी सिनेमात व्हायोलिन वाजतात. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोला. पण त्याच्या बरोबरीने घशात काहीतरी अडकलं. मी म्हटलं, 'मग माझे पहिले ११ महिने कुठे गेले?'

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, 'चहा टाकतो.' आमच्याकडे अवघड बोलणी चहा उकळेपर्यंत थांबतात.

बाबांची बाजू मला माहीत आहे. माझ्या बारशाला एका आत्याआजीने भर मांडवात विचारलं होतं, 'कुणाची आहे काही कळलं का?' शाळाप्रवेशाच्या वेळी कुणीतरी शेरा लिहायला निघालं होतं, तेव्हा बाबा तिथून उठलेच नव्हते. २७ वर्षं त्यांनी माझ्या नावापुढचे कंस खोडलेत. हे करताना त्यांनी माझ्यावर उपकार केल्याचा आव एकदाही आणलेला नाही. त्यांच्या लेखी सहाव्या सूचनेला एकच उत्तर होतं, काहीच न लिहिणं.

पण काहीच न लिहिणं म्हणजे मी एसटीत जन्मले असं होतं. त्याआधी कुणीतरी मला नऊ महिने वाढवलं, जन्म दिला, काही कारणाने सोडलं. त्यानंतर पुण्यातल्या एका संस्थेत कुणीतरी मला ११ महिने दूध पाजलं. ती माणसं बाबांच्या मायेत पुसली जात होती.

इंजिनिअरिंगला असताना ऑपरेटिंग सिस्टिमच्या तोंडी परीक्षेत मला नेमका ऑर्फन प्रोसेस हा प्रश्न आला होता. एखादा प्रोग्राम दुसऱ्याला जन्म देतो, पहिला पालक आणि दुसरा मूल. पालक आधी संपला की मूल अनाथ होतं, आणि युनिक्समध्ये प्रोसेस क्रमांक १ त्याला दत्तक घेतो. हल्लीच्या डेस्कटॉपवर कधीकधी मधलाच दुसरा पालक पुढे येतो. पुस्तकातही शब्द दत्तक घेण्याचाच आहे. मुलाचा स्वतःचा क्रमांक बदलत नाही, त्याचं काम, त्याची मेमरी बदलत नाही. बदलतो तो फक्त पालकाचा क्रमांक. हे उत्तर मी फाडफाड दिलं होतं. त्यातली दुसरी बाजू मला आता दिसते. जुन्या पालकाचा क्रमांक त्या नोंदीत कुठेच राहत नाही. तिथे नवा लिहिला की जुना गेला. बाबा नकळत तेच करत होते.

चहा घेताना मी त्यांना हे सांगितलं नाही. त्यांच्यासमोर उघडं होतं त्या लिबरऑफिसची गोष्ट सांगितली. हे सॉफ्टवेअर मुळात जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन कंपनीचं, तेव्हाचं नाव स्टारऑफिस. १९९९ मध्ये सन कंपनीने ते विकत घेतलं, पुढच्या वर्षी त्याचा कोड खुला केला, नाव पडलं ओपनऑफिस. २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते बनवणारे बरेचसे लोक कोड घेऊन वेगळे झाले आणि लिबरऑफिस नावाने नवं घर मांडलं. परवान्यामुळे असं वेगळं होता येतं, पण आधीच्यांच्या नोंदी पुसता येत नाहीत. आजही कित्येक फायलींच्या डोक्यावर जुन्या परवान्यांचा उल्लेख आहे. कोडमध्ये जर्मन भाषेतल्या टिपा होत्या. त्या स्वयंसेवकांनी कित्येक वर्षं बसून इंग्रजीत आणल्या.

'आणि मेनूत काय लिहिलंय?' मी विचारलं.

बाबांनी मेनू उघडला. 'लिबरऑफिस रायटर.'

'कंसात काही आहे?'

'नाही.' मग थोडं थांबून म्हणाले, 'म्हणजे इतिहास ठेवायचा, पण पाटीवर नाही.'

'हो.'

मग आम्ही शब्दावर आलो. दत्त म्हणजे दिलेला. दत्तक या शब्दातच देणारा कुणीतरी आहे, तो लपवता येत नाही. आणि मराठीत आपण 'दत्तक घेतलं' म्हणतो. ही क्रिया आई-बाबांची आहे. कंसात टाकलं की क्रियापद गळून पडतं आणि उरतं ते मुलाचं विशेषण, कायमचं. मी २८ वर्षांची झाले तरी आई-बाबांनी १९९८ मध्ये केलेल्या गोष्टीचं विशेषण मी का वागवायचं?

बाबांनी रायटरमध्ये स्वतःच्या आणि आईच्या माहितीत वाक्य घातलं: 'यांनी १९९८ मध्ये पुणे येथून मुलगी दत्तक घेतली.' माझ्या नोंदीत नाव, जन्म, शिक्षण, नोकरी. पणजोबांच्या नोंदीतही तसाच बदल केला, त्यांच्या दत्तक आईवडिलांच्या माहितीत वाक्य गेलं. मग समितीला पत्र लिहिलं की, सहावी सूचना सगळ्या दत्तकांना एकाच पद्धतीने लागू करावी, १९३८ पासूनच्या, आणि पद्धत ही असावी. सोबत जुन्या पुस्तकातून काढलेली आमच्या शाखेतल्या सात दत्तकांची यादी जोडली. यादी तक्त्यात, अर्थातच.

समितीचं उत्तर आलंय. 'विचार करू.' एका काकांनी फोनवर बाबांना म्हटलं की, हा एवढा मोठा विषय नाही. बाबा म्हणाले, 'मोठा नाही ना, मग बदलून टाका.'

ग्रँप्समध्ये बदल करायला कुणाची परवानगी लागली नाही. बाबांनी दोन्ही ठिकाणी बर्थ काढून अडॉप्टेड केलं. माउस थोडा रेंगाळला, मला दिसलं. मग त्यांनी विचारलं, 'दुसरी जोडी लावायची का?' कारा, म्हणजे दत्तकविधानाची केंद्रीय संस्था, तिच्या नियमांत मूळ शोधण्याची सोय आहे. त्याला 'रूट सर्च' म्हणतात. आम्हा लिनक्सवाल्यांना हसू येईल असंच नाव. अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतः अर्ज करता येतो. जन्मदात्या आईचा खासगीपणाही नियम जपतात, तिची इच्छा नसेल तर तिचं नाव उघड होत नाही. मला हे योग्य वाटतं. ती कुणापासून काय लपवून जगतेय, मला काय माहीत.

बाबांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता, मीही काढला नव्हता. मी म्हटलं, 'अर्ज अजून करायचा नाहीये. पण जागा ठेवा.' त्यांनी दुसरी जोडी लावली. दोन रिकामे चौकोन, नातं बर्थ.

आई इतका वेळ भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, 'आणि त्या मावशी?' संस्थेतल्या ज्या मावशींनी मला आईच्या हातात दिलं, त्यांनी एक झबलं दिलं होतं आणि सांगितलं होतं की, हिला दूध कोमट लागतं, गार दिलं तर थुंकते. त्यांचं नाव आईला तेव्हाही कळलं नव्हतं, सगळे मावशीच म्हणत होते.

ग्रँप्समध्ये नात्याबाहेरच्या माणसाला जोडण्यासाठी असोसिएशन्स नावाचा टॅब आहे. बाबांनी नवी व्यक्ती उघडली. आडनावाचा रकाना रिकामा सोडला, नावाच्या रकान्यात 'मावशी' लिहिलं. संबंध काय, या रकान्यापाशी ते थांबले आणि त्यांनी आईकडे बघितलं.

'सांभाळलं, असं लिहा,' आई म्हणाली.